पेव फुटलं, म्हणजे नेमकं काय फुटलं?

माळवद

परवा सकाळी पेपर चाळत होतो. शेजारी लेक चहात बिस्कीट बुडवत बसलेली. बातमी सोलापुरातल्या खासगी क्लासेसची, आणि मथळ्यात नेहमीचंच 'पेव फुटले'. तिनं विचारलं, "बाबा, पेव म्हणजे काय?" मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो, "सुळसुळाट झाला गं." ती म्हणाली, "तो अख्ख्या वाक्याचा अर्थ झाला. नुसतं पेव म्हणजे काय?" आठवीतली पोर. बरोबर पकडलं.

मला उत्तर माहीत होतं, तरी सांगताना अडखळलो. माझं आजोळ मंगळवेढ्याच्या अंगाला. आजोळच्या अंगणात एक मोठी गोल शिळा होती. उन्हाळ्यात आम्ही पोरं तिच्यावर उभं राहून नाचायचो आणि आजी आतून ओरडायची, "उतरा खाली! पेव हाय त्याच्यात, मरशीला!" म्हणजे पेव हे जमिनीखालचं धान्याचं कोठार, इतकं कळत होतं. पण ते उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. माझ्या आठवणीत ती शिळा कायम बंदच.

म्हणून इथं विचारतो. कुणी भरलेलं किंवा उघडताना पाहिलंय का? तुमच्याकडे याला काय म्हणतात? आणि खरा किडा माझ्या डोक्यात वळवळतोय तो हा, की धान्याचं कोठार फुटलं तर ती चांगली गोष्ट व्हायला हवी ना? मग पेव कायम वाईटाचंच का फुटतं? 'गावोगावी वाचनालयांचे पेव फुटले' असं लिहून बघा. लिहिणाऱ्याला वाचनालयांचा राग आहे असं वाटतं.

हुरडाप्रेमी

मस्त धागा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सॉरी, ज्वारीच्या लाह्या.

सीनाकाठ

मी पाहिलंय. भरतानाही आणि काढतानाही. आमच्या वाड्यात दोन पेवं होती, एक घरचं आणि एक चुलत्यांचं. जरा सविस्तर लिहितो, कारण आता हे सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत आणि पुढच्या पिढीला 'खड्ड्यात धान्य ठेवायचे' एवढंच कळतं. तो नुसता खड्डा नसतो.

पहिली गोष्ट, पेव शेतात नसतं. गावठाणात असतं. जुन्या लोकांच्या बोलण्यात जमीन दोनच, काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरी राहायची. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओल धरून ठेवते. तिच्यात धान्य पुरलं तर दिवाळीपर्यंत खत होईल. पांढरी माती कोरडी, चुनखडीची, घट्ट बसणारी. त्यातही गावाचा उंचवटा बघून जागा धरायची, म्हणजे पावसाचं पाणी थांबत नाही.

दुसरी गोष्ट आकार. तोंड एवढंसं, की एक माणूस हात वर करून जेमतेम उतरेल. खाली मात्र पोट सुटलेलं, रांजणासारखं. आमचं दोन पुरुष खोल होतं. (विहिरीसारखंच मोजायचे, पुरुषात.) घरचं पेव वीस-बावीस पोती घ्यायचं. मोठ्या वाड्यांची पेवं खंडीच्या हिशेबात असायची.

आमची ज्वारी रब्बीची, म्हणजे माघ-फाल्गुनात काढणी आणि मग खळं. मळून, उफणून झाली की लगेच पेवात नाही घालायची. चैत्राच्या उन्हात चांगली तापवायची. आबा मूठभर घेऊन एक दाणा दाढेखाली धरायचे. कट्ट वाजला तर ठीक, नुसता दबला तर अजून दोन दिवस ऊन. तोवर पेवात कडबा आणि गोवऱ्या पेटवून ते भाजून घ्यायचं. गार झालं की तळाला आणि कडेनं कडब्याच्या पेंढ्या उभ्या लावत यायचं, म्हणजे दाणा मातीला थेट टेकत नाही. मग वरून धान्य सोडायचं. आत एक गडी पायानं दाबत, पसरत वर वर येत राहतो. तोंडाशी परत कडबा, त्यावर शिळा, शिळेभोवती चिखल आणि शेणाचा लेप. लेप वाळताना भेग पडली की आजी रोज सकाळी सडा टाकताना तिथं बोटानं शेण भरायची. एकदा बंद केलं की पाहिजे तेव्हा शेरभर काढायचं असं नसतं. पेव उघडलं की रिकामं करायचंच.

काढण्याचं उद्या लिहितो. हात दुखला.

दोन_शेर

सीनाकाठ काका, उद्याच लिहा बरं का. नाहीतर इथं 'क्रमशः'चं पेव फुटलंय.

कोकणी_फणस

मी वेगळं मत मांडतो, चिडू नका. आमच्याकडे पेव नावाची वनस्पती आहे, काही जण पेवा म्हणतात. पावसाळ्यात रानात, वाटेच्या कडेला जिकडे तिकडे उगवते. पानं दांड्याभोवती जिन्यासारखी गोल फिरत जातात, वर लालसर बोंड आणि त्यातून पांढरं, कागदासारखं चुरगळलेलं फूल. खाली कंद असतो. एका पावसात जिथं काही नव्हतं तिथं रान भरून जातं. आता सांगा, 'फुटणे' हे क्रियापद कोंबाला शोभतं की कोठाराला? पालवी फुटते, कोंब फुटतो. मला तरी 'पेव फुटले' म्हणताना हेच झाड दिसतं.

सीनाकाठ

झाड सुंदर आहे, मान्य. पण ते आमच्या माळावर उगवत नाही आणि तरी आमची माणसं पेव फुटलं म्हणतात. शिवाय सोलापूरकडच्या माणसाला पेव म्हटलं की पोटात गोळा येतो, फूल नाही दिसत.

अक्कलकोटकडचा

आमच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. आजी कानडीत 'हगेवु' म्हणायची, म्हणजे हेच, जमिनीखालचं ज्वारीचं कोठार. विजापूर, धारवाडकडं सगळीकडं हाच शब्द. आता गंमत बघा. जुन्या कानडीतला 'प' पुढं 'ह' झाला. दूध आधी 'पालु', आता 'हालु'. दहा आधी 'पत्तु', आता 'हत्तु'. त्याच चालीनं 'हगेवु' मागं नेला तर 'पगेवु'सारखं काहीतरी होतं, आणि 'पगेवु' भरभर म्हणून बघा. माझा हा घरगुती तर्क आहे, भाषावाल्यांनी कान पकडला तरी चालेल. पण सीमेवरच्या शेतकऱ्यानं एकाच खड्ड्याला दोन वेगळी नावं कशाला शोधली असतील?

आणि सोलापूर शहरात आमच्या गल्लीतले पद्मशाली शेजारी तेलुगूत 'पातर' म्हणायचे. एकाच चौकात तीन भाषांत तीन खड्डे!

माळवद

हगेवु! हे माहीतच नव्हतं. लेकीला सांगितलं, ती म्हणाली, "मग मथळ्यात 'क्लासेसचे हगेवु फुटले' लिहा." मी विषय बदलला.

बालाघाटी

आमच्याकडं (बार्शीच्या पलीकडं) पेवापेक्षा बळद जास्त. माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात एक अंधारी खोली, तिला धड दार नाही. वर माळवदाला ठेवलेल्या भोकातून धान्य ओतायचं आणि खाली भिंतीत एक लहान तोंड, त्याला बोळा. रोजच्या खाण्यापुरतं तिथून काढायचं. कणगी त्याहून लहान, तुरकाट्यांची किंवा बांबूची विणलेली आणि शेणानं सारवलेली. म्हणजे कणगी रोजची, बळद वर्षाचं आणि पेव म्हणजे फिक्स्ड डिपॉझिट.

हुरडाप्रेमी

फिक्स्ड डिपॉझिट +१. मुदतीआधी मोडलं तर दंड.

सीनाकाठ

आता काढण्याचं.

आमच्या घरचं पेव मी उघडताना पाहिलं ते बहात्तरच्या दुष्काळात. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. त्या साली रेशनवर अमेरिकेतली लाल ज्वारी यायची, तिला सगळे मिलो म्हणायचे. भाकरी थापली की कडेनं फाटायची. शाळेत सुकडी. आबांनी दोन वर्षांपूर्वी भरलेलं पेव तोपर्यंत राखून ठेवलं होतं. रात्री जेवताना ते एवढंच म्हणाले, "उद्या पेव काढायचं," आणि घर एकदम गप्प झालं.

सकाळी लेप खरवडला, पहारीनं शिळा सरकवली. आतून एक गरम, आंबूस वाफ आली. आम्ही पोरं वाकून बघायला गेलो तर चुलत्यानं मानगूट धरून मागं ओढलं. त्या दिवशी कुणीच उतरलं नाही. तोंड उघडं ठेवून अख्खा दिवस आणि रात्र जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी सोलाला कंदील बांधून खाली सोडला. निम्म्यावर ज्योत लहान झाली आणि विझली. परत काढला, सुपानं आणि घोंगडीनं वारा घातला, दुपारी पुन्हा सोडला. मग कमरेला सोल बांधून एक गडी उतरला. वर सोल धरायला चार माणसं आणि आबा सारखे त्याचं नाव घेऊन हाक मारतायत. त्यानं 'ओ' द्यायचं. ओ यायला उशीर झाला की ओढायचं. दर चार-पाच पाट्यांना त्याला वर घेतलं.

वरची वीतभर ज्वारी ढेपा झालेली, काळी. कडेचीही तशीच. ती जनावरांना. पण मधली! पिवळसर झालेली, मूळचा मोत्यासारखा पांढरा रंग गेलेला, पण दाणा सुटा आणि एक पोरकिडा नाही. पेवाच्या ज्वारीला एक वास असतो. नवी सून आली की पहिले चार दिवस नाक मुरडते. आबांना मात्र पुढं चांगले दिवस आले तरी तीच भाकरी आवडायची, शेंगाचटणी आणि ती भाकरी.

त्यातली ज्वारी बियाण्याला मात्र कधी वापरायची नाही, उगवत नाही. बियाण्याची कणसं वेगळी, आढ्याला टांगलेली.

प्रयोगवही

सीनाकाठांनी लिहिलेल्या प्रत्येक कृतीमागं कारण आहे, थोडक्यात सांगते. (कृषी पदवीधर आहे, सध्या मात्र बँकेत.) बंद पेवात दाणा आणि त्यातले किडे दोघंही श्वास घेत राहतात. आतला प्राणवायू संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. किडे गुदमरून मरतात, म्हणून औषध न घालता धान्य टिकतं. आज हवाबंद पिशव्या विकतात त्यांचं तत्त्व तंतोतंत हेच. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो आणि शिळा काढली तरी लगेच निघून जात नाही.

एक गोष्ट बजावून सांगते. कंदील विझला तर उतरू नये हे खरं, पण कंदील जळतोय म्हणून उतरावं हे खरं नाही. ज्योत तग धरते तेवढ्या हवेतही माणसाला चक्कर येऊन तो पडू शकतो. पेव असो, जुनी विहीर असो की मैलाटाकी, एक पडला म्हणून दुसरा वाचवायला उतरतो आणि दोघंही जातात. आजही अशा बातम्या येतात. वाड्यात जुनं पेव सापडलं तर कुतूहलानं आत उतरू नका.

माळवद

म्हणजे आजीचं "मरशीला" हे नुसतं भीती घालणं नव्हतं.

घोडनदी

पेव किती जुनं म्हणता? पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे, तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातली वस्ती, म्हणजे तीन हजार वर्षांच्या मागची. घरांजवळ धान्य साठवायचे गोल खड्डे सापडले. घोड पुढं भीमेला मिळते आणि भीमा तुमच्या जिल्ह्यातून जाते. एकाच नदीच्या खोऱ्यातली ही सवय आहे.

दोन_शेर

आणि मंगळवेढ्याचं नाव निघालं तर दामाजीपंत कसे विसरता? पंधराव्या शतकातली गोष्ट. बिदरच्या बादशहाचा अंमल आणि मोठा दुष्काळ. दामाजीपंतांनी सरकारी कोठारं लोकांसाठी खुली केली. मग विठ्ठल विठू महाराचं रूप घेऊन दरबारात गेला आणि धान्याचा पैसा भरून पावती घेऊन आला, अशी कथा. कीर्तनात हा प्रसंग आला की आमच्याकडचे बुवा हातवारे करून शिळा सरकवल्याचा अभिनय करतात. आता माझा मुद्दा. तिथं 'पेव फुटलं' असं कुणी म्हणत नाही. म्हणतात 'पेवं उघडली', 'लुटवली'. चांगलं काम असलं की क्रियापद उघडणे!

कोकणी_फणस

हा मुद्दा बिनतोड आहे हां. माझं झाड जरा वाकलं.

अनुस्वारवाली

मधेच एक शुद्धलेखन. जुन्या पुस्तकांत 'पेंव' दिसेल. १९६२च्या नियमांनंतर असे अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यात याच्याही डोक्यावरचा गेला. नपुंसकलिंगी शब्द, एक पेव, अनेक पेवं. 'पेवा फुटल्या' असं एका पोर्टलवर वाचलं आणि मोबाईल ठेवून दिला.

बाकी, मराठीत एखादी गोष्ट माजली की आपण शेतात नाहीतर चुलीपाशी जातो. पीक आलं, ऊत आला, पेव फुटलं. तिन्हींत फरक मात्र आहे. कवींचं पीक येतं तेव्हा थोडी थट्टा असते. भ्रष्टाचाराला ऊत येतो तेव्हा तो खाली बसेल अशी आशा असते. पेव फुटतं तेव्हा मात्र आवरणं हातात राहिलेलं नसतं.

कुरुल_रोड

मी फार लिहीत नाही पण इथं सांगावंच लागेल. माझा धंदा जेसीबीचा. तीन-चार वर्षांमागं एका गावात, नाव नको, गल्लीत सिमेंट रस्त्याचं काम होतं. आदल्या रात्री जोराचा पाऊस झालेला. सकाळी मशीन घालून पुढं घेतलं, तर मागचं चाक एकदम बसलं. वाटलं ड्रेनेज. उतरून बघतो तर चाकाखाली गोल पोकळी आणि आत अंधार. गल्लीतला एक म्हातारा काठी टेकत आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "पेव फुटलं की रं." मी म्हटलं, काका, कशाचं? तो म्हणाला, "कशाचं म्हंजी? पेवच."

मला तोपर्यंत हा शब्द फक्त पेपरातलाच माहीत होता. आत धान्य नव्हतं, नुसती काळी राख झालेली माती आणि कुजका कडबा. मशीन काढायला दुसरं मशीन आणावं लागलं. अर्धा दिवस गेला, डिझेल माझं.

सीनाकाठ

कुरुल रोड, तुम्ही धाग्याचं उत्तर दिलंत आणि तुम्हाला कळलंही नाही!

आमच्याकडं नीट बोलणारी म्हातारी माणसं पेव 'भरतात', 'काढतात', नाहीतर 'उघडतात'. 'फुटतं' ते आपोआप. अतिवृष्टीत पाणी मुरलं, वरची माती खचली किंवा कडेला ढासळली, की पेव फुटलं. आणि मग काय होत असेल याचा विचार करा. भिजलेलं धान्य तासातासानं तापतं, फुगतं, आंबतं. वीस पोती ज्वारी एका दिवसात बाहेर काढायची. वाळवायला ऊन नाही, कारण पाऊस चालू. ठेवायला जागा नाही. मग आल्यागेल्याला वाटा, मिळेल त्या भावाला विका, जनावरांपुढं टाका. गावात दारोदारी ज्वारीच ज्वारी आणि सगळ्या गल्लीला आंबूस वास. चुलत्यांचं पेव असंच गेलं होतं. चुलती ओसरीवर बसून रडत होती आणि दारातून पाट्या भरभरून ज्वारी चालली होती.

म्हणून ते वाईटाचं. माल उदंड, पण नको त्या वेळी, नको त्या अवस्थेत आणि कुणाच्या ताब्यात नसलेला. तुमच्या क्लासेसच्या बातमीला हे लागू पडतंय का बघा.

अनुस्वारवाली

पटलं. कोशात नुसता अर्थ मिळतो, हा आंबूस वास कुठं मिळणार.

कोकणी_फणस

शरण. पण झाडाचा फोटो टाकणार म्हणजे टाकणार.

प्रयोगवही

पेवं का गेली, हेही कुणीतरी लिहा. मला दिसतात ती कारणं अशी. १९८०च्या सुमारास उजनी धरण झालं, पुढं कालवे आले आणि ज्वारीच्या रानात ऊस आला. वर्षाची ज्वारी घरात ठेवायची गरज उरली नाही, खळ्यावरूनच बाजारात जाते. घरात पत्र्याची कोठी. तरी मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि रब्बीत आजही ज्याचं नाव घेतात ते मालदांडी ३५-१ मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेलं वाण आहे. दाणा टिकला, खड्डा गेला.

बालाघाटी

पेवात उतरणारा गडीही गेला हे विसरू नका. धान्य वाड्याचं, जीव त्याचा. आमच्या आज्याला तो मान वाटायचा की मजुरी, कधी विचारलं नाही. उतरणाऱ्याला त्या दिवशी पायलीभर जास्त मिळायची, एवढं ऐकलंय.

सीनाकाठ

बरोबर बोललात. मी वर 'एक गडी उतरला' असं लिहून मोकळा झालो. आबा ज्या नावानं हाक मारत होते ते नाव मला आठवतंय. त्याची नातवंडं आता पुण्यात आहेत.

माळवद

रविवारी लेकीला घेऊन आजोळी जाऊन आलो. मामाला विचारलं, पेव कुठाय? तो हसला. बाथरूम बांधताना निघालेला राडारोडा टाकून त्यानंच ते बुजवलं, वीसेक वर्षं झाली. शिळा मात्र टाकली नाही. मागच्या दारात बसवलीय, मामी तिच्यावर धुणं आपटते. मधोमध झिजून खोलगट झालीय, त्यात साबणाचं पाणी साठलं होतं.

लेकीनं चप्पल काढली आणि तिच्यावर उभी राहून दोनदा नाचली. आतून कुणी ओरडलं नाही. "पोकळ वाजत नाही," म्हणाली.

हुरडाप्रेमी

शिळेचा फोटो?

माळवद

मामी धुणं घेऊन आली, राहिला.